किल्ली त्याच्या खिशात होती

१

"आधी इंजिन बघू नका. आधी हे विचारा, की आधीच्या मालकांनी हिच्यात काय घुसवलंय आणि हिच्यातून काय काढलंय."

गेनाने हे सांगितलं तेव्हा बुरुल लेकीच्या टोपीचे बंद बांधत होती. बिश्केकच्या गाडीबाजारात त्या सकाळी असा वारा होता की बोलायला तोंड उघडलं तर दात ठणकावेत. मांडीवर मावेल एवढी बेगिमाय रडून रडून दमली होती आणि तिचा बाप एर्मेक एका निळ्या जपानी गाडीभोवती पुन्हा पुन्हा फिरत होता. गाडी जुनी, पण टर्बोची. बॉनेटवर हवा ओढणारी रुंद नाकपुडी. रोज वापरायला अशी गाडी कोण घेतं, हा प्रश्न बुरुल महिनाभर विचारत होती.

"काका, गाडी घ्यायचीय, सोयरीक नाही जुळवायची," ती म्हणाली.

"सोयरिकीत सोपं असतं, पोरी. तिथे शेजारीपाजारी सगळं सांगून मोकळे होतात."

गेना म्हणजे, एर्मेक ज्या ॲम्ब्युलन्सवर कामाला होता, त्या दुरुस्त करणारा म्हातारा रशियन. त्याला मुद्दाम बरोबर आणलं होतं. थंड पडलेलं इंजिन त्याने स्वतः सुरू केलं, मागच्या नळीपाशी हात धरून धुराचा रंग पाहिला, टर्बोच्या पंख्याला बोट लावून त्याचा दांडा ढिला झालाय का ते तपासलं. मग हात पुसत म्हणाला, "वरून तर ठीक आहे. आता रॅम्पवर चढवून पोटाखालून बघू. तासभर लागेल."

"तासभर?" बुरुलने नवऱ्याकडे पाहिलं. "पोर गारठलीय. घ्यायची तर घे, नाहीतर सोड."

तिच्या अटी तिने आधीच सांगून ठेवल्या होत्या. मागच्या सीटला नीट पट्टे हवेत. हीटर चालू हवा. आणि गाडी ऑटोमॅटिक हवी, म्हणजे बाळाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तिलाही चालवता येईल. हे ऐकून गाडीचा मालक तेमिर, कानात बाळी घातलेला पोरगेलासा माणूस, दुःखाने मान हलवत म्हणाला, "टर्बो आणि ऑटोमॅटिक. शर्यतीच्या घोड्याला पाळणा बांधायचा."

"माझ्या घरी पाळणाच आहे," एर्मेक म्हणाला. "हीच बरी."

रॅम्पवर गाडी चढलीच नाही.

त्यानंतर पहिला मोठा बर्फ पडला त्या आठवड्यात, रविवारी संध्याकाळी, इमारतीमागच्या पत्र्याच्या गॅरेजात त्याच गाडीच्या मागच्या सीटवर एर्मेक सापडला. अंगावर स्वतःचं जाकीट पांघरलेलं. गॅरेजला आतून कडी. गाडीचं इंजिन बंद. किल्ली त्याच्या खिशात होती.

धुराने गेला, असं डॉक्टर म्हणाले.

२

कॅप्टन मेलिस माणूस वाईट नव्हता. बुरुल चहा घेऊन आली तर त्याने पियाली स्वतः पुढे होऊन घेतली.

"बाई, मी फिरवून बोलत नाही. गॅरेजला आतून कडी होती. गाडीच्या डॅशवर टर्बोचा टायमर आहे. आणि तुमचे यजमान ॲम्ब्युलन्सवर होते. कोळशाच्या शेगडीने गेलेली माणसं त्यांनी घराघरांतून बाहेर काढलीत. या धुराने दुखत नाही, नुसती झोप लागते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?"

"टायमर काय करतो?"

"टर्बो फार तापतो. तो निवावा म्हणून किल्ली काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू राहतं, मग आपोआप बंद होतं. त्यांनी किल्ली काढली, खिशात टाकली, मागे जाऊन आडवे झाले. पुढचं टायमरने केलं." तो जरा थांबला. "घरात काही बोलणं झालं होतं का?"

स्वयंपाकघराच्या दारातून बुरुलच्या सासूबाई, आपा, म्हणाल्या, "झालं होतं. विचारा तिला."

झालं होतं. आदल्या संध्याकाळी. गाडीचं तेल सारखं बदलावं लागतं, तिला भारीतलंच पेट्रोल लागतं, बाळाचं डॉक्टरकडे जाणं मात्र पुढे ढकलायचं, असं काहीतरी. बुरुल म्हणाली होती, "तुला बायको नकोच होती. तुला ही निळी सवत हवी होती. जा, तिच्यातच जाऊन झोप."

दोन खोल्यांच्या घरात भिंती पातळ असतात. आपांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. नात आणि गाडी दोन्ही बघायला नातेवाईक येणार होते. नवं काही बघितलं की बघणाऱ्याने हातावर काहीतरी ठेवायचं, या कोरुमदुकच्या रीतीत बाळ आणि गाडी एकाच दस्तरखानावर, म्हणजे एकाच जेवणात, उरकायचं आपांनी ठरवलं होतं. एर्मेक रात्रपाळी करून सकाळी आला. पाहुण्यांना 'या, बसा' केलं, गाडी दाखवली, आणि प्लोव्हची, मटणभाताची परात आत येईतो कुठेतरी नाहीसा झाला. अंधारायला लागलं तेव्हा मोठा भाऊ साबीर पहार घेऊन गॅरेजकडे धावला.

अंगणात जाड लोकरी नमद्याचा तंबू उभा राहिला, बायका आक्रोशाला बसल्या. पण मोलदोने, म्हणजे मौलवीने, प्रार्थना घाईत आटपली. त्याची नजर सारा वेळ जमिनीवर होती. ज्याने स्वतःचा जीव दिला त्याच्यासाठी जेवढं म्हणावं तेवढंच त्याने म्हटलं, हे तंबूतल्या प्रत्येकाला कळलं. साबीर नंतर भावजयीला म्हणाला, "चाळिसाव्या दिवसाला फार लोक बोलवायला नकोत, केलिन. उगाच चर्चा."

बुरुलला चर्चेचं काही वाटत नव्हतं. बेगिमाय एक दिवस मोठी होऊन विचारणार होती, बाबा का गेले? त्याचं उत्तर 'तुझी आई म्हणाली म्हणून' असं होतं का, एवढंच तिला हवं होतं. ते खरं असेल तर तसं कळायला हवं होतं. ते नीट न कळता लेकीला वाढवणं तिला जमणार नव्हतं.

३

पोलिसांनी गॅरेज मोकळं केल्यावर ती बेगिमायला छातीशी बांधून तिथे गेली. वाकलेली कडी अजून दाराला लोंबत होती. आत जायला पाय उचलेना, म्हणून ती दारातूनच बघत राहिली. बघणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. बाळ झाल्यापासून ती सगळ्याच गोष्टींकडे बघायची: प्लगच्या भोकांकडे, टेबलाच्या कोपऱ्यांकडे, झोपलेल्या लेकीच्या छातीच्या हालचालीकडे.

बॉनेटवर एर्मेकचे बूट होते.

नुसते ठेवलेले नव्हते. नाड्या पूर्ण सोडलेल्या, जिभा बाहेर ओढलेल्या, आतले मऊ तळवे काढून शेजारी पसरलेले. पाहुण्यांना गाडी दाखवताना बर्फात भिजले असणार. इंजिनाच्या उबेवर ते वाळत घातले होते.

बुरुल बराच वेळ त्या बुटांकडे बघत उभी राहिली. मग तिने गेनाला फोन लावला.

"टायमर?" गेना आल्या आल्या डॅशखाली डोकं खुपसून म्हणाला. "हे बघ, वायरी सुटलेल्या आणि टेप लावलेली. एर्मेक तेल बदलायला आला तेव्हा मीच तोडला. रोजच्या गाडीला असली लफडी नकोत. डबा राहू दे म्हणाला, दिसतो छान."

"म्हणजे किल्ली काढली की इंजिन बंद."

"तिथल्या तिथे."

"मग धूर कुठून आला?"

"चालू ठेवलं असेल, नंतर बंद केलं असेल."

"काका, कसं? धुराने गुंगी यायला लागल्यावर उठला, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली, बुटांचे तळवे काढून वाळत घातले आणि मरायला परत जाऊन पडला?"

गेना बॉनेट उघडून टर्बोच्या खालच्या बाजूला पाना ठोकत होता. आवाज रिकाम्या किटलीसारखा आला. त्याने पुन्हा ठोकलं.

"या डब्यात जाळी असते. धुरातलं विष जाळते. ती खरवडून काढलीय. बाहेरून डबा अगदी जागच्या जागी, आत काही नाही. ही गाडी इतर गाड्यांच्या कितीतरी पट विष ओकत होती." त्याने पाना खाली ठेवला. "रॅम्पवर चढवली असती तर मी ठोकून पाहिलं असतं. नंतर तेल बदलताना ठोकायचं डोक्यातच आलं नाही."

"तासभर लागला असता," बुरुल म्हणाली. बेगिमाय तिच्या गळ्यातली साखळी ओढत होती.

मग गेना पुन्हा डॅशखाली वाकला आणि तिथेच थांबला. "हे काय आहे? आणखी एक काळी डबी, पार आत दडवलेली. किल्लीच्या वायरींना जोडलेली. हे माझं नाही, पोरी. आणि मला ते दिसलंही नव्हतं."

४

तेमिर गाडीबाजारातल्या चहावाल्यापाशी उभा होता. तिला बघून त्याने सिगारेट पायाखाली चिरडली.

"जाळी मीच काढली," विचारायच्या आधीच तो म्हणाला. "सगळेच काढतात, ताई. गाडी मोकळा श्वास घेते."

"ती घेते. आतल्याचं काय?"

"रस्त्यावर काही होत नाही. गॅरेजात दार लावून इंजिन कोण चालवतं?"

"तेच शोधतेय. डॅशखालची काळी डबी काय आहे?"

तेमिरने चहाचा पेला खाली ठेवला. "रिमोटने सुरू करायची. थंडीत घरातून बटण दाबायचं, गाडी आपली आपण तापत राहते. ठरलेला वेळ झाला की बंद पडते. पुन्हा दाबलं की पुन्हा."

"किल्ली?"

"किल्ली लागतच नाही. तीच तर मजा." मजा हा शब्द तोंडातून गेल्यावर त्याने मान फिरवली. "मॅन्युअल गाडीत मी हे कधीच बसवत नाही. कोणी गिअरमध्ये उभी केली असेल तर उडी मारून बंद पडते. ही ऑटोमॅटिक, म्हणून बसवलं."

बुरुलने बेगिमायची टोपी सरळ केली. ती सरळच होती.

"बटण कुठे असतं?"

"दुसऱ्या रिमोटवर. मोठा आहे, छोटा पडदा असलेला. इंजिन सुरू झालं की गाणं वाजवतो, म्हणजे घरात कळतं."

"आमच्या घरी असा रिमोट मी पाहिलेला नाही. एर्मेक मला काही बोलला नाही."

"बोलणार नव्हताच." तेमिर बाळाकडे बघत म्हणाला. "मला म्हणाला, बायकोला कळू देऊ नकोस. खरी थंडी पडली की एका सकाळी ती पोरीला घेऊन कुरकुरत खाली उतरेल, दार उघडेल आणि गाडी आतून ऊब ऊब असेल. मला तिचा चेहरा बघायचाय, म्हणाला."

चहावाल्याने न विचारता तिच्यापुढे पेला ठेवला. तिला तो दिसला नाही.

"तो रिमोट तू त्याच्या हातात दिलास?"

"त्याच्या नाही. किल्ल्या घ्यायला आला तेव्हा मोठा भाऊ बरोबर होता. रिमोट भावाने खिशात टाकला."

५

साबीर रशियात बांधकामावर असायचा, वर्षातून एकदा यायचा. ही गाडी त्याला पहिल्यापासून पसंत नव्हती. 'बाप झालास, आता तरी शिट्टी वाजवणारी गाडी सोड,' असं तो चारचौघांत म्हणाला होता. आणि त्या रविवारी तो दस्तरखानावरून उठून खाली गेला होता. परत आला तेव्हा त्याचा चेहरा रागाने लाल होता. बुरुलने हे पाहिलं होतं. तेव्हा तिला वाटलं, थंडीने.

अंगणात तो शेजाऱ्यांकडून आणलेली बाकडी परत द्यायला रचून ठेवत होता.

"दादा, गाडीचा दुसरा रिमोट कुठे आहे?"

"मला काय विचारतेस? दिला त्याला त्याच दिवशी. माझ्यासमोर त्याने वरच्या फडताळात ठेवला, पाहुण्यांच्या पियाल्यांच्या मागे. म्हणाला, तिथे हिचा हात पोचत नाही."

"त्या दिवशी जेवताना तुम्ही खाली गेला होतात. गॅरेजकडे."

बाकडं त्याच्या हातातून निसटून बर्फात पडलं. ते उचलायला तो वाकला तो वाकलेलाच राहिला.

"गेलो होतो," तो म्हणाला. "त्याला बोलवायला. दाराला आतून कडी. आत इंजिन चालू होतं, केलिन. मी म्हटलं, लपलास का रे, प्लोव्ह गार होतोय, लोक विचारतायत. उत्तर नाही. मला वाटलं, मला टाळतोय. त्या निळ्या नवरीला घेऊन बसलाय आत. मी पत्र्याला लाथ घातली आणि वर आलो."

"इतके दिवस तुम्ही हे बोलला नाहीत."

"काय बोलू? भाऊ दाराआड मरत होता आणि मी त्याला शिव्या घालून जेवायला बसलो, हे? आईसमोर बोलू?" त्याने बाहीने नाक पुसलं. "त्याने स्वतः केलं असं म्हटलं की निदान मी आत जाऊन काही बदललं नसतं, असं वाटतं."

बुरुलने त्याला रडू दिलं. तिच्या डोक्यात मात्र एकेक गोष्ट जागेवर बसत होती. एर्मेकने कडी लावली ती साबीरसारख्या कोणी ओढून परत दस्तरखानावर नेऊन बसवू नये म्हणून. चोवीस तास जागा माणूस, घरात पाय ठेवायला जागा नाही, तासभर झोप हवी होती. इंजिन बंद केलं, बूट वाळत घातले, आडवा झाला. मग इंजिन पुन्हा सुरू झालं. आणि त्याला जाग का आली नाही, हेही तिला आता कळत होतं. वर्षानुवर्षं दोन बोलावण्यांच्या मधे तो चालू ॲम्ब्युलन्समध्येच डुलकी काढायचा. इंजिन घरघरायला लागलं की त्याला उलट गाढ झोप लागायची. लग्नानंतर पहिला आठवडा तो कुरकुरत होता, घरात फार शांत आहे म्हणून.

"दादा, तुम्ही दारात उभे असताना इंजिन चालू होतं. म्हणजे त्याच सुमारास वर कोणीतरी बटण दाबलं होतं. घरात कोण कुठे होतं?"

"मला काय आठवतंय. सगळे होते." मग त्याने खिशातून फोन काढला. "उठायच्या आधी मी बेगिमायचा व्हिडिओ घेतला होता, तिकडच्या पोरांना दाखवायला. बघ. त्यात खोली दिसेल."

६

व्हिडिओ छोटा होता. तळलेल्या बोर्सोकचा ढीग, मधाच्या वाट्या, सोनेरी काठाच्या पियाल्या. त्या पियाल्या वर्षातून एकदाच निघायच्या. मागे फडताळाची वरची झडप उघडी.

मध्ये आपा, मांडीवर बेगिमाय. बेगिमायच्या दोन्ही हातांत एक काळी वस्तू, तिचं टोक तोंडात. नुकते दात येऊ घातलेले, हिरड्या शिवशिवत असणार. ती चावत होती. वस्तूवरचा छोटा पडदा निळा उजळला आणि एक नाजूक धून वाजली. बेगिमाय दचकली, मग खुदकन हसली. आपा टाळ्या वाजवत म्हणाल्या, "बघा, बघा, माझी नात बाजा वाजवते. आणखी वाजव, छकुली." सगळी खोली हसली. बेगिमायने पुन्हा चावलं.

मागून बुरुल स्वतः चहाची किटली घेऊन गेली. तिने वळून पाहिलं नाही. तिने ती धून तेव्हा ऐकली होती. वाटलं होतं, कोणाचा तरी फोन.

तिने फोन साबीरला परत दिला. "दिसलं का कोणी?" त्याने विचारलं.

"नाही," बुरुल म्हणाली.

रिमोट खेळण्यांच्या टोपलीत तळाशी होता, लाकडी चमचे आणि खुळखुळ्याच्या खाली. मधल्या बटणाच्या रबरावर दोन बारीक खाचा होत्या. ती खाली गेली, गॅरेजची दारं सताड उघडून दगड लावून ठेवली, आत कोणी नाही हे पुन्हा पुन्हा बघितलं. वर आली. बेगिमाय झोपली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून तिने मधलं बटण दाबून धरलं.

धून वाजली. क्षणभराने इमारतीमागे, बर्फाच्या शांततेत, निळ्या गाडीने घसा खाकरला आणि ती चालू झाली.

"हे गाणं," मागून आपा म्हणाल्या.

७

त्या दारात उभ्या होत्या, पिठाच्या हातांनी. खिडकीतून येणारा घरघर आवाज त्यांनाही ऐकू येत होता. बुरुलच्या हातातल्या वस्तूकडे त्या बघत राहिल्या आणि मग तिथेच जमिनीवर बसल्या.

बुरुल त्यांच्याजवळ बसली. सांगण्यासारखं उरलंच नव्हतं.

"किती वेळा वाजलं असेल त्या दिवशी?" आपांनी विचारलं.

"मला माहीत नाही, आपा."

"मी टाळ्या वाजवत होते."

खाली इंजिन ठरलेला वेळ होईपर्यंत चाललं आणि बंद पडलं. मग आपा म्हणाल्या, "पियाल्या काढताना तो हाताला लागला. चमकत होता. ती किरकिर करत होती, म्हटलं, चाव." त्यांनी पिठाचे हात मांडीवर उलटे ठेवले. "बुरुल, एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवून ठेवली. तू त्याला म्हणालीस ना, जा, तिच्यातच झोप. त्या सकाळी आला तेव्हा मी त्याला म्हटलं, तुझ्या बायकोची जीभ बघ. तर तो हसला. म्हणाला, आपा, ती चिडली की कामाचं बोलते. गाडीत खरंच मस्त झोप लागते, आज करूनच बघतो. असं म्हणून माझ्या ताटातलं बोर्सोक उचलून खाल्लं." त्या बोटांवरचं पीठ खरवडत होत्या. "मी हे सांगितलं नाही. मला दोष कोणावर तरी ठेवायचा होता. तू हाताशी होतीस."

बुरुलने सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं. तो रागावून गेला नव्हता. इतके दिवस ती या एका वाक्यासाठी गॅरेजा-बाजारातून फिरली होती, आणि ते वाक्य शेजारच्या खोलीत होतं. ते मिळालं तेव्हा त्याच्या बदल्यात लेकीचं गुपित जन्मभर सांभाळावं लागणार, हेही समोर आलं होतं.

"कॅप्टनला सांगायला हवं," आपा म्हणाल्या. "मोलदोलाही. माझ्या मुलाला लोकांनी जीव देणारा म्हणायचं नाही. पण पोरीचं नाव निघता कामा नये. कधीच."

दुसऱ्या सकाळी पांढरा रुमाल बांधून त्या स्वतः चौकीत गेल्या. कॅप्टन मेलिसने रिमोट हातात घेऊन उलटसुलट पाहिला, गेनाचं आणि तेमिरचं म्हणणं ऐकलं, साबीरने खाली मान घालून आपलं सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "आजी, बटण दाबलं कोणी?"

"मी."

"का?"

"खेळणं वाटलं. गाणं लागत होतं." आपा त्याच्या डोळ्यांत बघत होत्या. "म्हातारीला काय कळतं."

कॅप्टनची नजर बुरुलकडे गेली, मग तिच्या छातीशी बांधलेल्या, स्वतःची मूठ चघळणाऱ्या बाळाकडे. तिथे ती जरा जास्तच वेळ राहिली. मग त्याने रिमोट पाकिटात घातला आणि पाकीट बंद केलं. "अपघात," तो म्हणाला. "मी तशी नोंद करतो."

चाळिसाव्याला जिन्यापर्यंत माणसं होती. मोलदोने सगळं वाचलं, एकही ओळ न गाळता, आणि या वेळी मान वर करून. गेना कोपऱ्यात टोपी हातात धरून बसला होता. तेमिर आत आला नाही, पण मेंढी पाठवली. एर्मेकला जे द्यायचं होतं ते सगळं त्या दिवशी मिळालं.

पाहुणे गेल्यावर आपांनी बुरुलचं सामान काढायला घेतलं.

"माहेरी जा. काराकोलला. पोरीला घेऊन."

"आपा, मी कुठे जाणार? तुम्ही एकट्या."

"म्हणूनच." त्या बेगिमायचे लोकरी मोजे जोड्या लावून ठेवत होत्या. "मी बटण दाबलं, असं मी कॅप्टनला सांगितलं. ते जिवंत असेपर्यंत सांगेन. पण ती मोठी होईल आणि मी आणखी म्हातारी होईन. म्हाताऱ्यांचं डोकं सैल होतं. माझी आई शेवटी शेवटी सगळ्यांची सगळी गुपितं ओरडून सांगायची. एक दिवस ही माझ्या समोर बसेल, मी तिच्या हातांकडे बघेन आणि बोलून जाईन. तिला माझ्यापासून लांब ठेव. मी तुला घालवत नाही, बुरुल. मला माझी भीती वाटते."

साबीर रशियाला परत गेला. गाडी कोणी विकत घेईना आणि मोडीत द्यायला आपांचं मन होईना. ती तिथेच आहे. बुरुल काराकोलला शाळेत शिकवते. ती फोन करते तेव्हा आपा उचलतात, 'बरी आहे' म्हणतात, आणि मागून मुलीचा आवाज आला की ठेवून देतात. मागच्या उन्हाळ्यात बुरुल एकटीच जाऊन दारापाशी उभी राहिली. आतून पावलं आली, दाराच्या भिंगावर सावली पडली, आणि पावलं परत गेली.

म्हणून बिश्केकला जाणाऱ्या प्रत्येकाला ती एक गोष्ट सांगते. तुम्ही जाणार असाल तर तुम्हालाही. सहाव्या वस्तीत, भाजीबाजाराच्या मागे, ज्या इमारतीच्या पाठीशी पत्र्याच्या गॅरेजांची रांग आहे तिथे, तिसरा मजला, डावीकडचं निळं दार. वाजवा आणि थांबा, त्यांना चालायला वेळ लागतो. पाणी प्यायच्या निमित्ताने आत जा. शेगडीवर काही शिजतंय का बघा. बेगिमायबद्दल त्या विचारणार नाहीत. तरी जाता जाता सांगा, ती आता पळायला लागलीय. आणि त्यांचा चेहरा कसा होतो, तेवढं बुरुलला कळवा.